मेमो लिहिण्याआधी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्याकडे साठेक माणसं आहेत. त्यातला एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर बारा वर्षं जुना. हात इतका चांगला की नवीन पोरं त्याच्याच मशीनवर शिकली. दिवाळीनंतर मात्र त्याचं काम बिघडलं. पंप बॉडीच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, आधी शंभरात दोन-तीन जॉब (नग) रिजेक्ट व्हायचे, ते आता सात-आठ होतात. दिवाळीपासून आम्ही कास्टिंगची (ओतीव नगांची) फाउंड्री बदलली, बाकी सगळं तेच आहे. बोलायला गेलं की गप्प बसतो. 'बघतो साहेब' एवढंच म्हणतो. बाकीचे ऑपरेटर सांगतात, घरात भावाभावांत वाटणीचं चाललंय. मालक म्हणतात, एक तर मेमो दे, नाहीतर पुण्याला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठव. मला वाटतं त्याला काउन्सेलिंगची गरज आहे. तुम्ही कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर (कामगार कल्याण अधिकारी) होता म्हणून विचारतो, घरच्या विषयावर त्याच्याशी कसं बोलावं?
– एक सुपरवायझर, कोल्हापूर

उत्तर : घरच्या विषयावर एवढ्यात बोलूच नका.

तुमची कळकळ पत्रात दिसते. कागद हातात देण्याआधी माणसाशी बोलावं असं वाटणारा सुपरवायझर सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण मेमो काय, ट्रेनिंग काय आणि काउन्सेलिंग काय, तिन्ही औषधंच आहेत. मालकांनी दोन बाटल्या काढून ठेवल्या, तुम्ही तिसरी काढलीत, आणि नाडी अजून कुणीच पाहिलेली नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'दिवाळीपासून फाउंड्री बदलली, बाकी सगळं तेच आहे' असं एक वाक्य तुम्ही लिहून गेलात आणि लगेच त्याच्या गप्प बसण्याकडे वळलात. काम बिघडलं दिवाळीनंतर, कास्टिंग बदललं दिवाळीला. घरातली वाटणी कधीपासून चाललीय, हे पत्रात कुठेच नाही.

मी मशीनवर काम केलेली बाई नाही. पण चिंचवडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मशीनच्या मधून फिरले, त्यामुळे एवढं कळतं की कास्टिंग कडक आलं, की बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा छोटा तुकडा, लवकर झिजतो, आणि इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो. जुन्या कास्टिंगवर समजा चाळीस जॉब टिकणारा इन्सर्ट नव्यावर पंचवीसलाच बसत असेल, तर ऑफसेट द्यायची (झिजेपुरतं मशीनचं माप सरकवायची) आणि इन्सर्ट बदलायची त्याच्या हाताला बसलेली वेळच चुकली. त्याचा हात तोच आहे, समोरचं लोखंड बदललंय. असंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही. हे पाहायला एक शिफ्ट पुरते, आणि ते पाहिल्याशिवाय त्याच्या भावाचं नाव तुमच्या तोंडी येऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून आधी रिजेक्शन रजिस्टर उघडा. गेलेले जॉब बोअर लहान म्हणून गेले की मोठा म्हणून? रजिस्टरमध्ये नुसतं 'बोअर नॉट ओके' लिहिलं असेल (बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं), तर आठ दिवस माप लिहायला लावा. सगळे जॉब लहानच निघत असतील तर इन्सर्टकडे बोट जातं. काही लहान, काही मोठे असतील तर जॉब चकमध्ये कसा धरला जातो, माप कसं घेतलं जातं, गेज शेवटचं कधी तपासलं, ते बघा. मग तेच मशीन आणि तेच कास्टिंग दुसऱ्या पाळीत ज्याच्या हातात असतं, त्याचा आकडा शेजारी ठेवा. तुम्ही फक्त याच्याच आकड्याबद्दल लिहिलंत. दुसऱ्या पाळीत सहा होत असतील तर हा प्रश्न एका माणसाचा राहतच नाही.

स्टोअरलाही विचारा, एका शिफ्टला इन्सर्ट किती देतात. ठरलेल्या संख्येच्या वर मागायला गेलं की जिथं सही आणि बोलणी दोन्ही मिळतात, तिथं शहाणा ऑपरेटर आहे तोच इन्सर्ट ताणतो. आणि आणखी एक. त्याचा जॉब रिजेक्ट झाला हे त्याला कधी कळतं? फायनल इन्स्पेक्शनमधून तिसऱ्या दिवशी कळत असेल, तर तोवर त्यानं त्याच मापाचे आणखी दोनशे काढलेले असतात.

आता मी हे इतक्या आग्रहानं का सांगते, ते सांगते. यात माझा एक अपराध आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी १९८५ साली नोकरीला लागले. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या ४९व्या कलमाप्रमाणे वेल्फेअर ऑफिसर नेमावा लागायचा, तशी मी नेमलेली. माणसाचं काम बिघडलं की मुळाशी घर असणार, घरात दारू नाहीतर कर्ज असणार, असं मी धरूनच चालायची. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं होतं, आम्ही तिथं माणसं पाठवत होतो, त्यातली काही खरोखर सावरली होती. त्यामुळे माझा विश्वास आणखी पक्का झाला होता.

१९९१च्या पावसाळ्यात ग्राइंडिंगवरच्या एका कामगाराचे जॉब परत यायला लागले. वय पंचेचाळीसच्या आसपास, चौदा वर्षांची नोकरी, एक डाग नाही. खातं नुकतंच नव्या शेडमध्ये हलवलं होतं. सुपरवायझर म्हणाले, हल्ली पितो वाटतं, हात स्थिर नसतो. मी कुणालाही दुसरा प्रश्न विचारला नाही. एका संध्याकाळी आकुर्डीला त्यांच्या घरी गेले. ते दुसऱ्या पाळीला होते. चाळीतली खोली, दार उघडं, बाहेर नळावर बायका. मी त्यांच्या बायकोला अगदी मायेनं विचारलं, 'घरी घेतात का हो?' ती माऊली आधी समजलीच नाही. समजल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. नळावरचं पाणी भरणं थांबलं होतं. ते घराणं माळकरी होतं. दाराच्या चौकटीवर पांडुरंगाची तसबीर होती, मी ती निघताना पाहिली.

दुसऱ्या दिवशी टूलरूमच्या फोरमननी मला बोलावलं. साठीला आलेले, सातवी शिकलेले गृहस्थ. 'बाई, तुम्ही त्याच्या घरापर्यंत गेलात, त्याच्या मशीनपर्यंत का नाही आलात?' एवढंच बोलले आणि मला घेऊन नव्या शेडमध्ये गेले. त्यांनी त्या कामगाराच्या हातात एक पिन दिली आणि माप वाचायला सांगितलं. मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर पन्नास बारीक रेघा असतात, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. कामगारानं मायक्रोमीटर डोळ्यांजवळ नेला, मग हात पुढे लांब केला, मग अख्खं अंग वळवून खिडकीकडे धरला. नव्या शेडमध्ये ट्यूब पाठीमागे होती, स्वतःचीच सावली रेघांवर पडत होती. जुन्या जागी उजेड समोरून यायचा, म्हणून वर्षभर तरी निभावलं असणार. त्यांना चाळिशी लागली होती. हात कापत नव्हता, ते रेघ शोधत होते.

चष्मा आला, ट्यूब पुढे घेतली. दीड महिन्यात रिजेक्शन पूर्वीच्या जागी आलं. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण निवृत्त होईपर्यंत माझ्या केबिनची पायरी चढले नाहीत. पीएफच्या फॉर्मवर सही हवी होती तेव्हाही मुलाला पाठवलं. मेमो मिळाला असता तर तो फाइलमध्ये राहिला असता. मी जे केलं ते चाळीत राहिलं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघा प्रशिक्षणतज्ज्ञांनी १९७० साली एक साधा प्रश्न पुढे ठेवला होता : जिवावर बेतलं, तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल तर त्याला शिकवून उपयोग नाही, अडलंय दुसरीकडे. तुमचा ऑपरेटर बारा वर्षं हेच करत आला, दुसऱ्यांना शिकवत आला. मालकांना सांगा, पुण्याचे दोन दिवस आणि त्याचा खर्च वाचवा. तिथं त्याला जे येतं तेच सांगतील, आणि आपल्याला शिकाऊ ठरवलं हे घेऊन तो परत येईल.

अमेरिकेतल्याच थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ साली सहा घरांची एक मांडणी केली. तीन घरं कामाच्या जागेची : काय हवंय आणि कसं चाललंय हे माणसाला कळतं का, हत्यारं आणि सामान धड आहे का, चांगल्या कामाचं त्याला काही मिळतं का. तीन माणसाची : येतं का, झेपतं का, करावंसं वाटतं का. शोध पहिल्या तीन घरांपासून सुरू करा असा त्यांचा आग्रह, कारण तिथली दुरुस्ती सोपी आणि स्वस्त पडते. आपण नेमके उलटे जातो. थेट शेवटच्या घरात शिरतो आणि म्हणतो, याला करायचंच नाही.

त्यातलं तिसरं घर तुमच्या शॉपमध्ये जरूर तपासा. नव्या फाउंड्रीचं अवघड कास्टिंग त्याच्याच मशीनवर का लावलं? हात चांगला म्हणूनच ना? आणि इन्सेन्टिव्ह कशावर आहे, निघालेल्या जॉबवर की पास झालेल्या? निघालेल्यावर असेल तर कंपनी वेगाचे पैसे देते आणि मापासाठी रागावते. पास झालेल्यावर असेल आणि सगळं वाईट कास्टिंग त्याच्याकडे येत असेल, तर बारा वर्षांच्या चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून त्याचा पगार कमी झालाय. तो गप्प का, याचं उत्तर तिथंही असू शकेल.

एका महिन्याच्या आकड्यावरही फार जाऊ नका. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग आमच्याकडून एका प्रशिक्षणात करून घेतला होता. पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, पाचातला एक लाल. पन्नास खड्ड्यांची फळी बुडवायची आणि बाहेर काढायची. पांढरे हवेत, लाल म्हणजे रिजेक्ट. सरासरी दहा लाल येणार हे ठरलेलं, तरी कुणाला सहा येतात, कुणाला चौदा. सहावाल्याचं कौतुक, चौदावाल्याला तंबी. पहिल्या फेरीत मला चौदा आले. सगळं माहीत असून माझे कान गरम झाले आणि पुढच्या फेरीला मी फळी जास्त काळजीनं बुडवली. काळजीनं मण्यांचा रंग बदलत नाही. डेमिंग यांचा स्वतःचा अंदाज असा, की अडचणींपैकी चौऱ्याण्णव टक्के व्यवस्थेच्या असतात आणि ती व्यवस्थापनाची जबाबदारी असते. तुमच्या ऑपरेटरचे शंभरातले सात-आठ रिजेक्ट महिनोन्‌महिने टिकून आहेत, तेव्हा ते योगायोगाचे नसावेत. पण ते कास्टिंगबरोबर टिकून आहेत की माणसाबरोबर, ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

त्याच्याशी बोला ना, आजच बोला. फक्त केबिनमध्ये बोलावून 'काय झालंय तुम्हाला?' असं विचारू नका. त्याला उत्तर एकच, 'बघतो साहेब'. त्याच्या मशीनपाशी स्टूल घेऊन बसा, रिजेक्ट झालेला एक जॉब हातात घ्या आणि विचारा, 'हे करताना नेमकं अडतं कुठं?' आणि मग थांबा. मध्ये बोलू नका. मला वाटतं त्यानं ही गोष्ट एकदा कुणाला तरी सांगितलेली आहे आणि ती कुणी ऐकलेली नाही. नोव्हेंबरातली शिफ्टची वही चाळून बघा.

एवढं सगळं पाहून झालं, कास्टिंग ठीक, गेज ठीक, दुसऱ्या पाळीत दोन-तीनच आणि याच्याकडेच आठ, असं निघालं, तर मग माणसाकडे या. तेव्हाही डोळे, पाठ, झोप यांची चौकशी आधी. घरचा विषय त्यानं काढला तर ऐका. दोन आठवडे पाळी बदलून हवी आहे का, कोर्टाच्या तारखेला रजा हवी आहे का, एवढं विचारा. भावांच्या वाटणीत तुमचं काम नाही. आणि सगळं नीट असूनही तो मुद्दाम दुर्लक्ष करतोय असं सिद्ध झालं, तर मेमो जरूर द्या. मी मेमोच्या विरोधात नाही. तुमच्या हातात तेव्हा तारखा आणि मापं असतील, आणि त्या कागदाला वजन असेल.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. आमच्या रोखपाल मुलीचा दिवसअखेरचा मेळ आठवड्यातून दोन-तीनदा तरी लागत नाही. फरक लहान असतो, दुसऱ्या दिवशी सापडतो, पण सगळ्यांना थांबावं लागतं. सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग दोनदा दिलं. संचालक म्हणतात, हिला काउंटरवरून काढा.
– शाखाधिकारी

उत्तर : दोनदा ट्रेनिंग देऊनही फरक पडला नाही, म्हणजे दुखणं ट्रेनिंगचं नव्हतं. तिसऱ्यांदा देऊ नका.

फरक दुसऱ्या दिवशी सापडतो म्हणता, तर तो कोणत्या नोंदीत सापडतो ते महिनाभर लिहून ठेवा, वेळेसकट. माझा कयास सांगते. तुमचे पिग्मी एजंट दिवसभर बाजारात फिरून चार ते पाचच्या दरम्यान एकदम येत असतील. चिल्लर, दहा-वीसच्या मळक्या नोटा, प्रत्येकाची यादी. त्याच वेळी पासबुक भरून मागणारे खातेदार तिच्याच खिडकीवर, आणि फोनही तिच्याच टेबलावर. एक दिवस चार वाजता तिच्या मागं खुर्ची टाकून बसा आणि नोटा मोजताना तिला किती वेळा कुणी हाक मारली, एवढंच मोजा. चुका त्या तासातल्या निघाल्या तर एजंटांना अर्ध्या-अर्ध्या तासानं वेळ वाटून द्या, फोन दुसरीकडे हलवा. तोवर संचालकांना एक महिना मागून घ्या. मुलीला काउंटरवरून काढलं तर चार वाजता त्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल आणि एजंट तेच असतील.

मोजणी झाली आणि चुका दिवसभर विखुरलेल्या निघाल्या, तर मला पुन्हा लिहा. मग शोध वेगळा.

प्रश्न : ताई, मी नाशिकला अंबडमध्ये असेम्ब्लीवर आहे. मला मेमो आलाय, 'कामात हलगर्जीपणा, ४८ तासांत खुलासा करा.' आमच्या लाइनला टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) बिघडलेलं आहे, मी तोंडी दोनदा सांगितलं. मित्र म्हणतात, माफी लिहून दे, मिटून जाईल.
– एक कामगार

उत्तर : जी चूक तुझी नाही तिची माफी लिहू नकोस. उद्या हाच कागद तुझ्या फाइलमध्ये तुझ्याच सहीनं कबुली म्हणून राहील.

खुलासा मुदतीत आणि लेखीच दे. राग लिहू नकोस, सुपरवायझरचा स्वभाव लिहू नकोस. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कुणाला सांगितलंस, तेव्हा शेजारी कोण होतं, रेंचवर कोणता नंबर कोरलाय, त्याचं कॅलिब्रेशनचं (माप बरोबर असल्याच्या तपासणीचं) स्टिकर कोणत्या तारखेपर्यंतचं आहे, हे लिही. स्टिकर आजच जाऊन वाच. ज्या जॉबबद्दल मेमो आहे ते कोणते आणि त्यांची मापं काय आली, त्याची माहिती मागून घे. रेंच तपासून मिळावं अशी विनंती शेवटी कर. तुझ्याकडून एखादा बोल्ट खरोखर राहिला असेल तर तेवढं मात्र स्पष्ट कबूल कर, त्यानं बाकीच्या खुलाशावर विश्वास बसतो. युनियन असेल तर देण्याआधी त्यांना दाखव.

दोन प्रती काढ. एक ऑफिसात दे, दुसरीवर तारीख घालून आवकचा शिक्का आणि सही घे, आणि ती घरी ठेव.